राहुरीला उतरायचं राहून गेलं: केडगाव ते नाशिक, चार दिवस

दसऱ्याच्या आधीच्या सुट्टीत जायचं हे जूनमध्येच ठरलं होतं. सासूबाईंची फार वर्षांची इच्छा, की पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नगर, राहुरी आणि नाशिकचं शरणपूर हे सगळं एकदा बघून यायचं, गुडघे साथ देताहेत तोवर. आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि अकरा वर्षांची लेक. तिकिटं, राहण्याची सोय सगळं माझ्याकडे, आणि मी वहीच्या पानावर तासातासाचं वेळापत्रक लिहून काढलं होतं. ते पान अजून माझ्याकडे आहे. त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी खोडलेल्या आहेत, आणि हे लिहायला बसले ते त्या खोडलेल्या ओळींसाठीच.

पहिला दिवस, शनिवार: केडगाव

सकाळची पुणे-दौंड लोकल, लोणी, उरुळी, यवत करत केडगाव. ऑक्टोबरचं ऊन नऊ वाजताच अंगावर येत होतं. मुक्ती मिशन स्टेशनपासून लांब नाही, रिक्षाने पाच-दहा मिनिटं. आम्ही आधी फोन करून परवानगी घेतली होती, तुम्हीही घ्या, कारण ही काही फक्त बघायची जागा नाही, तिथे मुली आणि बायका राहतात, त्यांचं घर आहे ते. फोटो काढायचेच असतील तर इमारतींचे, आणि तेही विचारून.

मला एक गोष्ट तिथे गेल्यावर नीट कळली. रमाबाईंनी ही जमीन घेतली होती फळबागेसाठी. त्यांचं शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची शाळा, आधी मुंबईत सुरू झालं १८८९ ला, दुसऱ्या वर्षी पुण्यात आलं, आणि त्याचा खर्च बागेच्या उत्पन्नातून निघावा असा साधा हिशोब होता. मग १८९६ चा दुष्काळ आला, मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती, बाई तिकडे गेल्या आणि येताना शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग, एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना, तेव्हा बागेच्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. म्हणजे मुक्ती मिशन हे कुणाच्या योजनेत नव्हतंच, योजनेत बाग होती! पुढे याच जागी बाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, इथल्याच छापखान्यात मुलींनी त्याचे खिळे जुळवले. एकुलती एक लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या. सासूबाई हे सगळं ऐकताना एका झाडाच्या पारावर बसून राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

माझ्या पानावर लिहिलं होतं, साडेअकराला निघणे. सव्वाअकराला आम्ही फाटकाकडे वळलो तर व्हरांड्यात एक आजी बसल्या होत्या, डोळ्यांनी दिसत नव्हतं त्यांना, पावलांच्या आवाजावरून म्हणाल्या, "कोण पाहुणे? लहान मूल आहे का बरोबर?" लेक गेली त्यांच्याजवळ. आजींनी तिचा तळहात हातात घेतला आणि एकेका बोटावरून अंगठा फिरवत राहिल्या, अगदी सावकाश, मग करंगळीशी थांबून म्हणाल्या, "पेन धरतेस तू घट्ट, इथं घट्टा आलाय." लेकीने स्वतःचा हात असा बघितला जणू पहिल्यांदाच बघतेय. मग आजी सासूबाईंना म्हणाल्या, मला एका गीताचं दुसरं कडवं आठवत नाहीये तीन दिवस झाले, तुम्हाला येतं का?

मी लेकीची ओढणी ओढत होते, चल, गाडी. हे लिहिताना मला वाईट वाटतंय पण खरं तेच लिहिते. सासूबाई खाली बसल्या. दुसरं कडवं त्यांना येत होतं, मग तिसरं दोघींनी मिळून जुळवलं, मग दुसरं गीत, मग आजींच्या लहानपणच्या गोष्टी. नवराही बसला. मी उभीच, घड्याळात बघत.

रमाबाईंनी आंधळ्या बायकांसाठी सदन काढलं त्याला नाव दिलं होतं बार्तीमी सदन, त्या आंधळ्या बार्तीमयावरून. आणि उभ्या उभ्या मला ती गोष्ट आठवली, येशू यरीहोतून निघालेला, पुढे यरुशलेम, म्हणजे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम समोर, मागे ही गर्दी, आणि रस्त्याच्या कडेला एकजण ओरडतोय. लोक त्याला दटावतात, गप्प बस. मार्काने लिहिलंय, येशू थांबला. मी इतकी वर्षं ही गोष्ट संडे स्कूलमध्ये शिकवतेय आणि नेहमी बार्तीमयाच्या बाजूने शिकवते, त्या दटावणाऱ्या लोकांकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. ते काही वाईट लोक नव्हते. त्यांना फक्त वेळेत पोचायचं होतं.

मी खाली बसले. गाडी गेली.

निघताना एक वाजून गेला होता. मिशनमध्येच आम्हाला जेवायला बसवलं, पोळी, वांग्याची भाजी, आमटी-भात, आणि लेकीला गुळाचा खडा. मग दुपारची गाडी धरून दौंड, आणि दौंडला तीन तास फलाटावर.

दौंडबद्दल एक सांगायचं म्हणजे तिथे आता दोन स्टेशनं आहेत, मुख्य जंक्शन आणि कॉर्ड लाईन. पुण्याकडून मनमाडला जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना आता जंक्शनमध्ये जाऊन इंजिन फिरवावं लागत नाही, त्या कॉर्ड लाईनला थांबतात. तिकिटावर कुठलं लिहिलंय ते बघूनच उतरा किंवा चढा, वयस्कर माणसं बरोबर असतील तर नक्कीच.

नगरला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा.

दुसरा दिवस, रविवार: नगर

कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय. मराठी ख्रिस्ती माणसाला हे गाव आजोळासारखं. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ ला सुरू झालं, ज्ञानोदय हे आपलं जुनं नियतकालिक १८४२ मध्ये इथूनच निघालं, टिळक शेवटच्या काही वर्षांत त्याच्या मराठी भागाचे संपादक होते. सकाळी उपासना आणि मग भुईकोट किल्ला, असं माझं ठरलेलं.

आम्ही गेलो ते एक जुनं दगडी चर्च, उंच छत, आत गेल्या गेल्या गारवा. मागच्या बाकावर बसलो. उपासना सुरू व्हायच्या वेळेला पाळकसाहेब पुढे येऊन म्हणाले, पेटी वाजवणारा मुलगा तापाने आजारी आहे, आज पाहुणे बरेच दिसताहेत, कुणाला येत असेल तर या. कुणी उठलं नाही. आणि सासूबाईंनी नवऱ्याच्या दंडाला हात लावला.

हे थोडं सांगावं लागेल. माझे सासरे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तीस वर्षं पेटी वाजवायचे आणि नवऱ्याला त्यांनीच शिकवली. सासरे गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर ह्याने पेटीला हात लावला नाही. भांडण नाही, राग नाही, फक्त ती पेटी चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली आणि घरात कुणी तो विषय काढायचा नाही असं आपोआप झालं. मी मनात म्हणाले, आई, कशाला. तो उठला. मला वाटलं बाहेर जातोय.

तो पुढे गेला. पेटीचा भाता एका बाजूने चिकटपट्टी लावून सांधलेला होता आणि मधल्या सप्तकातला पंचम दाबला की खालीच राहायचा, हे मला मागून दिसत नव्हतं, त्याने नंतर सांगितलं. पण पहिल्या गीताला दोनदा सूर अडकला आणि मग त्याने काय केलं तर तो अडकलेला सूर डाव्या हाताच्या बोटाने वर उचलत उचलत उजव्या हाताने वाजवत राहिला, भाता मारायला तिसरा हात नाही म्हणून शेजारचा एक शाळकरी मुलगा येऊन भाता मारू लागला. टिळकांची चाल आली तेव्हा सगळी मंडळी टाळ्यांवर गात होती. टिळकांनी अभंग, ओव्या, कीर्तन हे सगळं आपल्या उपासनेत आणलं, नाहीतर आपण कदाचित अजून परक्या चालींवरच गात बसलो असतो. सासूबाई गात नव्हत्या, मांडीवर बोटांनी ताल धरून नुसत्या समोर बघत होत्या. लेक मला विचारते, "बाबांना येतं हे?" तिने कधी ऐकलंच नव्हतं.

नंतर तो सगळ्यात शेवटी बाहेर आला. मी काही विचारलं नाही.

भुईकोट किल्ला राहिला तो राहिलाच, जिथे १९४२ ते ४५ नेहरू आणि बाकीचे नेते कैदेत होते. कारण त्या भाता मारणाऱ्या मुलाच्या आजीने आम्हाला सोडलंच नाही. घरी नेलं, बाजरीच्या भाकरी, येसराची आमटी, मटण, वर ठेचा. जेवून उठायला साडेतीन. टीप एवढीच की नगरला रविवारी उपासनेला गेलात तर दुपारचं काही ठरवू नका, आणि पोटात जागा ठेवून जा.

संध्याकाळी परतीचा पाऊस आला, विजा, वारा, लाईट गेली. खोलीत मेणबत्ती लावून आम्ही चौघं बसलो आणि नवरा म्हणाला, "तो मुलगा आज आजारी पडला ते देवाने पाडलं का?" मी म्हटलं, असं नको म्हणूस, मला नाही वाटत देव माझ्या नवऱ्यासाठी दुसऱ्याच्या पोराला ताप देतो. मग बराच वेळ यावरच बोललो. बायबलमधल्या प्रेषित पौलाला आशियात वचन सांगायला पवित्र आत्म्याने अडवलं, बिथुनियात जाऊ दिलं नाही, म्हणून तो त्रोवसला आला आणि तिथून मासेदोनियात गेला, हे प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात आहे. पण तोच पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की तुमच्याकडे यायची फार इच्छा होती, सैतानाने अडवलं. म्हणजे अडथळा दिसला की तो देवाचाच असं पौलसुद्धा धरून चालत नव्हता. आणि स्वतः येशू, कफर्णहूमात सकाळी सगळे त्याला शोधत असताना म्हणाला, चला, दुसऱ्या गावांना जाऊ. प्रत्येक हाकेला तो थांबला नाही. तर मग ओळखायचं कसं?

सासूबाई अंधारात म्हणाल्या, "मी काही एवढं बघत नाही. माणूस समोर आला की थांबायचं. वस्तू अडली तर दुरुस्त करायची आणि पुढे जायचं." मला अजून तरी यापेक्षा बरं काही सुचलेलं नाही. आणि त्या पहाटे चार वाजता उठून एकट्या प्रार्थनेला बसतात हेही मला त्याच्याशी जोडलेलं वाटतं, कारण येशूचाही दिवस तिथूनच सुरू व्हायचा, कुणी गाठायच्या आधी. ज्याची सकाळ देवाजवळ झालेली असते त्याला दुपारी कुणी अडवलं तर तेवढं टोचत नसावं.

तिसरा दिवस, सोमवार: जायचं होतं राहुरीला

राहुरी नगरपासून रेल्वेने जवळ, वाटेत विळद, वांबोरी. टिळक कुटुंब राहुरीला काही वर्षं राहिलं होतं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई माझ्या फार आवडीच्या. १८९५ मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या बाईचा संसार एका दिवसात उलटापालटा झाला, काही वर्षं दूर राहिली, रडली, आणि मग स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या पायांनी परत आली. ते राहुरी मला बघायचं होतं.

पॅसेंजरला गर्दी, सगळी दसऱ्याची. मी लेकीला टिळकांचा किस्सा सांगत होते, १८९३ ला ते रेल्वेने राजनांदगावला चालले होते, डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला, गप्पा झाल्या, कवितेवर बोलणं झालं, आणि उतरताना त्याने हातात नवा करार ठेवला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लेक म्हणाली, "म्हणजे रेल्वेत शेजारी कोण बसतं ते महत्त्वाचं असतं." मी हो म्हटलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

आमच्या शेजारी, दाराजवळ खाली, एक बाई बसली होती पस्तिशीची, समोर झेंडूची तीन मोठी गाठोडी. तिच्या हातावर फुलांचा पिवळा रंग कोपरापर्यंत. ती रडत होती, पण आवाज न करता, पदराने एकदा हा डोळा एकदा तो. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं, काय झालं ताई.

"भिजलं समदं," ती म्हणाली. रात्रीच्या पावसात तोडून ठेवलेली फुलं भिजली, मनमाडला भाऊ आहे, त्याच्याकडे विकायला चाललीय, पण गाठोड्यात ओली फुलं तापतात आणि काळी पडतात, मनमाडपर्यंत पार चिखल होईल. वर्षाचं हे एकच पीक पैशाचं. तिने एक गाठोडं सोडून दाखवलं. मी हात घातला तर आत खरंच गरम होतं, भाकरीच्या दुरडीत असतं तसं, आणि ओल्या झेंडूचा तो उग्र कडवट वास.

लेकीने काय केलं, न विचारता पिशवीतून आमची पांघरायची चादर काढली आणि दोन बाकांच्या मध्ये अंथरली. म्हणाली, पंखा आहे ना वर. मग सुरूच झालं, नवऱ्याने बाक मोकळा केला, समोरच्या काकांनी पेपर दिला, कॉलेजच्या दोन मुलांनी पंख्याची जाळी हलवून पंखा खाली वळवला, एका मावशीने स्वतःची शाल दिली आणि वर म्हणाली डाग पडूदेत. अर्धा डबा फुलं पसरत होता. एकेक फूल उलटं झटकायचं, देठ वर, पाकळ्या खाली, म्हणजे पाणी निथळतं, हे तिने शिकवलं. काळी पडलेली बाजूला. माझी बोटं पिवळी झाली, नखांच्या आत सुद्धा.

वांबोरीला गाडी क्रॉसिंगला थांबली ती बराच वेळ. ती बाई सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही मगाधरनं काय पुटपुटताय?" सासूबाई म्हणाल्या, तुझ्यासाठी प्रार्थना करते, येशूच्या नावाने, चालेल ना? ती म्हणाली, "करा की, देवाचं नाव घ्यायला कुणाची ना हाय." सासूबाईंनी मोठ्याने केली, चार वाक्यं, फुलं वाचू दे, भाव मिळू दे, हिच्या घरात दिवा लागू दे, आमेन. आणि परत फुलं झटकायला लागल्या.

राहुरी आली आणि गेली. गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. मी बघितलं, नवऱ्याने बघितलं, आमच्या चारही बाजूंना फुलं होती, उठायचं तर तुडवावी लागली असती. कुणीच काही बोललं नाही आणि मला आश्चर्य याचं वाटलं की माझ्या पोटात नेहमीसारखा गोळा आला नाही.

बेलापूरला उतरलो, म्हणजे गाव श्रीरामपूर, स्टेशनचं नाव बेलापूर, नव्या माणसाचा गोंधळ होतो म्हणून सांगून ठेवते. चादर तिच्याकडेच राहू दिली. तिने फोन नंबर घेतला.

श्रीरामपूरला आम्हाला काहीच बघायचं नव्हतं. रिक्षावाला म्हणाला हरेगावला मतमाउलीला जाऊन या, जवळच आहे. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात मरियेची यात्रा नसते, मला वाटलं सासूबाई नको म्हणतील. तिथे सप्टेंबरमध्ये यात्रा भरते तेव्हा लाखो लोक असतात, सगळ्या धर्मांचे. आम्ही गेलो तेव्हा एक माळी आणि दोन कुत्री. एवढ्या मोठ्या मैदानावर पावसाने धुतलेली शांतता. गर्दी सोसत नसेल तर यात्रेनंतर या, फक्त परतीच्या वाहनाची सोय आधी करून ठेवा.

सासूबाई बराच वेळ मरियेच्या मूर्तीसमोरच्या बाकावर बसल्या. परत येताना म्हणाल्या, "तिचं तर लग्न ठरलेलं होतं, गं. सगळं ठरलेलं होतं. आणि तो दूत काही वेळ विचारून आला नाही." मग थोडं थांबून, "ती घाबरली असं लिहिलंय. ते बरं केलं लिहिलं."

चौथा दिवस, मंगळवार: नाशिक

मनमाडमार्गे नाशिकला रात्रीच पोचलो होतो. शरणपूर आता गजबजलेला रस्ता झालाय, दुकानं, दवाखाने, पण १८५० च्या दशकात ही चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ख्रिस्ती वस्ती होती, आणि समुद्रावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे आणून वाढवली, शिकवली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यावर आणणाऱ्यांत तो होता, आणि पुढे थेट लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत शवपेटीबरोबर गेला. नाशिकच्या शाळेतला मुलगा! लेकीने विचारलं त्याला मराठी येत असेल का. मला माहीत नाही म्हटलं, पण दिवसभर तोच विचार डोक्यात राहिला.

त्या दिवशी आम्हाला कुणीही अडवलं नाही. सगळं वेळेवर झालं, दुपारी दोनची बस मिळाली, संगमनेरला चहा, रात्री घरी.

नंतर

शुक्रवारी त्या ताईचा फोन आला. निम्मी फुलं गेली, निम्मी विकली, भाव बरा होता. चादर धुतली पण डाग निघाला नाही, पाठवू का? सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, ठेव तुझ्याकडे, पुढच्या वर्षी फुलांना होईल.

राहुरीला कधी जायचं ते ठरलेलं नाही. पेटी माळ्यावरून खाली आलीय. तीन सूर गेलेत आणि भात्याला उंदीर लागलाय, दुरुस्तीला टाकलीय, दिवाळीनंतर मिळेल म्हणाले. लेक रोज विचारते, कधी.